बॉल्डविनची 'गो टेल इट ऑन द माउंटन': एका खोलीत गुडघे टेकलेली चार माणसं

मुळामुठा

मागे इथेच कुणीतरी विचारलं होतं, की आफ्रिकन-अमेरिकन लेखकांचं एकच पुस्तक वाचायचं तर कुठलं वाचू. मी घाईघाईत जेम्स बॉल्डविनच्या 'गो टेल इट ऑन द माउंटन'चं नाव ठोकून दिलं होतं. मग वाटलं, आपण तरी कुठे धड वाचलंय ते. म्हणून या पावसाळ्यात परत काढलं.

फोर्टातल्या फुटपाथवरून ऐंशी रुपयांना घेतलेली प्रत. पहिल्या खेपेला मी ती 'वंशभेदावरची कादंबरी' अशी खूणगाठ बांधून वाचली आणि खरं सांगायचं तर हिरमुसलो. गोरी माणसं पुस्तकात जवळजवळ नाहीतच. मोर्चा नाही, भाषण नाही. एक कोंदट घर, रस्त्यावरच्या गाळ्यात थाटलेलं एक चर्च आणि प्रार्थना. प्रार्थनाच प्रार्थना. मला वाटलं, लेखक मुद्द्यावर कधी येणार? आता कळतंय की तो पहिल्या पानापासून मुद्द्यावरच होता, मी भलतीकडे बघत होतो.

गोष्ट एका दिवसाची. १९३५चा मार्च, शनिवार, न्यूयॉर्कमधली काळ्या लोकांची वस्ती हार्लेम. जॉन ग्राइम्स आज चौदा वर्षांचा झालाय. सगळे म्हणतात हा मोठेपणी बापासारखा प्रवचनकार होणार. बाप, म्हणजे गॅब्रिएल, एकेकाळी दक्षिणेत गाजलेला. इथे चर्चमध्ये पडेल ते काम करणारा. घरात मात्र देवाचा सख्खा मुखत्यार. जॉन त्याचा द्वेष करतो, आणि ज्या देवापुढे गुडघे टेकायचे तो देवही बापाच्याच बाजूचा, ही त्याची गोची.

सकाळी वाढदिवसाचं कुणी काही बोलत नाही. आई बाहेरची खोली झाडायला सांगते. तिथे एक जुनाट, जड गालिचा आहे. जॉनला तो मनापासून नकोसा. तो झाडू मारतो तशी धूळ उठते, नाकात जाते, घशाशी येते. तो ती दाराकडे लोटत नेतो आणि मागे वळून बघतो तर उडालेली धूळ पुन्हा झाडलेल्या जागेवर येऊन बसलेली. बॉल्डविन या गालिच्यावर बराच वेळ घालवतो. पहिल्यांदा मी ती पानं भरभर उलटली होती. आता वाटतं, अख्खी कादंबरी त्या गालिच्यात आहे. ही धूळ या पोराने केलेली नाही. पण झाडायची त्यानेच.

संध्याकाळी चर्च. तिथे जॉन, त्याची आई एलिझाबेथ, गॅब्रिएल आणि गॅब्रिएलची मोठी बहीण फ्लॉरेन्स, असे चौघे. पुस्तकाच्या मधल्या भागात तीन प्रार्थना आहेत: फ्लॉरेन्सची, गॅब्रिएलची, एलिझाबेथची. प्रत्येकजण डोळे मिटतो आणि प्रार्थना राहते बाजूला, आठवणी सुरू होतात. त्या थेट गुलामगिरीपर्यंत जातात. गॅब्रिएल आणि फ्लॉरेन्सची आई, रेचेल, गुलामीत जन्मलेली. तिची आधीची मुलं एकेक करून तिच्यापासून तुटलेली, एक आजाराने, बाकीची मालकांनी तोडलेली.

गॅब्रिएलची गोष्ट ऐका. तरुणपणी दारूबाज, मग देवाला शरण. डेबोरा नावाच्या बाईशी लग्न करतो, जिच्यावर सोळाव्या वर्षी गोऱ्यांच्या टोळक्याने बलात्कार केलेला. गावातला कुणी पुरुष तिच्याकडे बायको म्हणून बघत नसतो, हा बघतो. आणि हाच पुढे एस्थर नावाच्या पोरीच्या नादी लागतो. तिला दिवस गेल्यावर बायकोने साठवलेले पैसे चोरून तिच्या हातावर ठेवतो आणि तिला शिकागोला रवाना करतो. ती बाळंतपणात जाते. पोर गावात आजी-आजोबांकडे वाढतं. त्याचं नाव रॉयल. बाप त्याला रस्त्यात बघतो, बोलतो, पण मी तुझा बाप हे सांगत नाही. रॉयल पुढे शिकागोत पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या भांडणात मारला जातो. हार्लेममध्ये दुसऱ्या बायकोपासून, म्हणजे एलिझाबेथपासून, मुलगा झाल्यावर गॅब्रिएल त्याचं नाव ठेवतो रॉय.

आणि जॉन? जॉन त्याचा मुलगाच नाही. एलिझाबेथचं आधी रिचर्डवर प्रेम होतं. रिचर्ड वाचणारा, म्युझियमला जाणारा, हुशार पोरगा. एका दुकानातल्या चोरीसाठी पोलीस त्याला उगाच उचलतात, मारतात. तो निर्दोष सुटतो, घरी येतो आणि त्याच रात्री मनगटाच्या शिरा कापून घेतो. एलिझाबेथ गरोदर आहे हे त्याला माहीतच नसतं, कारण त्याच्यावर आणखी ओझं नको म्हणून तिने सांगितलेलं नसतं. यातलं जॉनला काहीही माहीत नाही. बाप आपल्यावर का जळतो हे त्याला कळत नाही, आणि तो स्वतःतच खोट शोधत राहतो.

तर मला जे म्हणायचंय ते हे. चार माणसं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर गुडघे टेकून बसलीत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या डोक्यात आहे. कुणीही बोलत नाही. सगळ्यांच्या आठवणी माहीत असलेलं त्या खोलीत एकच माणूस आहे, ते म्हणजे आपण, वाचणारे. देवही असेल, पण तो काही बोलत नाही. या समाजाचा इतिहास पुस्तकात कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तो म्हाताऱ्यांच्या पोटात होता, आणि म्हाताऱ्यांनी तो पोटातच ठेवला. लाजेने, भीतीने, कधी मायेनेही. पोराच्या वाट्याला आली फक्त धूळ.

शेवटच्या भागात जॉन वेदीपुढे कोसळतो. रात्रभर तळमळतो, अंधार, पाण्याचे लोंढे, मेलेल्यांचे आवाज. आणि पहाटे 'तारण झालं' म्हणून उठतो. हे मला अजून नीट पचलेलं नाही. पोरगा जिंकला की हरला? तुम्हाला काय वाटतं?

---

कोरा_कागद

वाचनखूण साठवली आहे. (मी तीस पानांत सोडलं होतं. गालिच्यापाशीच!)

---

तिरकस

चांगलं लिहिलंय, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सरळ दिसतं. हरला. चौदा वर्षांचा हुशार मुलगा, शाळेत पहिला येणारा, दुपारी सेंट्रल पार्कातल्या टेकडीवर उभा राहून समोरचं सगळं शहर आपलंसं करायची स्वप्नं बघणारा, रात्री जमिनीवर लोळतो आणि सकाळी बापाच्या कळपात दाखल होतो. याला विजय कसं म्हणायचं? तो धर्म तरी कुणाचा? ज्यांनी साखळ्या घातल्या त्यांचाच. मालकाने दिलेला देव.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात काय केलं? ज्या धर्माने माणूसपण नाकारलं, तो सोडला. बॉल्डविनच्या लोकांनी तोच धर्म उराशी धरला आणि त्यातच रडत बसले. मला ही कादंबरी घुसमट म्हणून आवडते, पण श्रद्धेची थोरवी वगैरे नको.

---

मुळामुठा

@तिरकस, थोरवी मी कुठे म्हटलं? उलट गॅब्रिएलइतका धर्माने कडू झालेला माणूस मी कादंबरीत क्वचितच बघितलाय.

पण 'मालकाचा देव' हे जॉनला कळत नाही असं नाही. एक प्रसंग आठवा. जॉनने बापाला न्हाणीत पाठ चोळताना उघडं पाहिलेलं असतं आणि त्याला नोहाच्या मुलाची, हामची गोष्ट आठवते. बायबलमध्ये हाम आपल्या बापाला नग्न बघतो आणि नोहा त्याच्या वंशाला शाप देतो, की तुम्ही दासांचे दास व्हाल. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी हाच शाप काळ्या लोकांच्या कपाळी चिकटवला आणि गुलामगिरीला देवाची सही मिळवली. म्हणजे एकच वचन. एका बाजूने मालकाच्या हातातला चाबूक, दुसऱ्या बाजूने एका पोराची बापाविषयीची घरगुती भीती. दोन्ही धागे एकाच प्रसंगात. हे लिहिणारा माणूस भाबडा नाही.

आणि वेदीपुढे पडलेला असताना जॉनला एक खवचट आवाज सतत ऐकू येत असतो, की ऊठ, या घाणीतून बाहेर पड, या काळ्या लोकांसारखा होऊ नकोस. तिरकसराव, तुमचाच आयडी असावा.

---

तिरकस

हा हा. मान्य. पण तो आवाज खरं बोलतोय असं माझं म्हणणं.

---

पारगाव_फाटा

मी एरवी फक्त वाचतो, पण इथे लिहिल्यावाचून राहवेना. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. हे पुस्तक मी वाचलं तेव्हा मला हार्लेम परकं वाटलंच नाही, आणि त्याचं कारण फार साधं आहे. शब्द.

पुस्तकाच्या शेवटच्या भागाचं नाव आहे 'द थ्रेशिंग-फ्लोअर'. इंग्रजी वाचणाऱ्या शहरी माणसाला ते एक प्रतीक वाटतं. आमच्या मराठी बायबलात साधा शब्द आहे: खळं. आणि आमच्या आजोबांचं खळं मी पाहिलंय. जमीन चोपून, शेणाने सारवून घेतलेली. मधोमध तिवडा रोवलेला. कणसं पसरायची आणि त्यांच्यावर बैलांची पात गोल गोल फिरवायची. दाणा सुटेपर्यंत तुडवायचं. मग वावडीवर उभं राहून सुपातून वाऱ्यावर सोडायचं. दाणे पायाशी, भुसा लांब. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, की येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो आपलं खळं साफ करील, गहू कोठारात आणि भूस न विझणाऱ्या आगीत. जॉन जमिनीवर पडतो तेव्हा तो या खळ्यात पडलेला आहे. त्याला तुडवलं जातंय. तिथे जिंकणं-हरणं हा प्रश्नच मला लागू वाटत नाही. कणसाला कुणी विचारतं का, जिंकलंस की हरलंस?

दुसरं, मधल्या भागाचं नाव 'पवित्र जनांच्या प्रार्थना' असं होईल. इंग्रजीतल्या 'सेंट्स'ला 'संत' म्हटलं की घोटाळा, आपल्याला लगेच ज्ञानोबा-तुकोबा दिसतात. त्या चर्चमध्ये तारण झालेला प्रत्येक साधा माणूस 'सेंट'. मोलकरीण, हमाल, कुणीही. आमच्याकडे त्याला पवित्र जन म्हणतात. दिवसभर दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणारी बाई रात्री पवित्र जन. हा शब्द त्या लोकांना काय देत असेल हे तिरकस यांनी जरा बघावं. मालकाने दिलेल्या देवाकडून त्यांनी मालकाने कधीच दिली नसती ती गोष्ट काढून घेतली.

आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. हे अंगात येणं, जमिनीवर पडणं, अनोळखी भाषेत बोलणं, याला पेंटेकॉस्टल पंथ म्हणतात. त्याचा अमेरिकेतला मोठा उगम १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांत धरतात. तिथला पुढारी विल्यम सेमूर, काळा माणूस, आई-वडील गुलामीत जन्मलेले. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९०५ साली, असंच काहीतरी आपल्या दौंडजवळच्या केडगावला घडलं होतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. दुष्काळातून वाचवलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली रात्ररात्र रडत प्रार्थना करत होत्या, 'अग्नीचा बाप्तिस्मा' हे शब्द तिथेही होते. जॉनच्या चर्चच्या नावातही तीच आग आहे. त्यामुळे हार्लेममधली ती खोली आणि केडगावची ती खोली माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आहेत. दोन्हीकडे ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशी माणसं.

---

मुळामुठा

@पारगाव_फाटा दंडवत! खळ्याचं वाचून मी ते शेवटचं प्रकरण काल रात्री परत काढलं. 'तुडवणं' डोक्यात ठेवून वाचलं की लय वेगळीच लागते. केडगावचं अजिबात माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढाच.

---

निमगावकर

चर्चा छान चाललीय, पण एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे काळ्यांचं साहित्य म्हटलं की लगेच आपल्या जातीच्या प्रश्नाशी गाठ मारायची सवय आहे. ती गाठ खोटी नाही. जोतीरावांनी १८७३ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांकडे बघा म्हणाले. लातूरच्या जनार्दन वाघमारेंनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. हे सगळं आहेच.

पण ही विशिष्ट कादंबरी त्या चौकटीत नीट बसत नाही, आणि न बसण्यातच गंमत आहे. आपल्या दलित आत्मकथनांत माणूस उभा राहतो आणि 'मी सांगतो' म्हणतो. आईचं, बापाचं, भुकेचं, सगळं उघड्यावर. लाज टाकून बोलणं हेच त्याचं बळ. बॉल्डविनच्या पुस्तकात नेमकं उलट: कुणीच बोलत नाही. एकीकडे बोलण्याची ताकद आहे, दुसरीकडे न बोलण्याची किंमत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावं, एकावर एक ठेवून नाही.

@तिरकस, बॉल्डविन स्वतः चौदाव्या वर्षी प्रवचनं करू लागला आणि सतराव्या वर्षी व्यासपीठ सोडलं. म्हणजे तुम्हाला हवं ते त्याने केलंच. पण १९६३च्या 'द फायर नेक्स्ट टाइम'मध्ये तो चर्चवर कडक टीका करतो आणि त्याच दमात सांगतो, की तिथल्या गाण्याची, त्या एकजीव झालेल्या खोलीची झिंग मला नंतर कुठेच मिळाली नाही. सोडलेल्या घराविषयी माणूस असंच बोलतो.

---

तिरकस

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. वाचतो.

---

जर्सीची_गाय

हडसन नदीच्या या बाजूला, न्यू जर्सीत राहत असल्याने दोन पैसे माझेही. (आयडीवरून विनोद करून झालेत सगळ्यांचे, नवा असेल तरच करा.)

मागच्या वर्षी एका रविवारी हार्लेमला गेले होते. पूर्व १२८व्या रस्त्याच्या एका तुकड्याला २०१४ पासून 'जेम्स बॉल्डविन प्लेस' नाव आहे, फिफ्थ आणि मॅडिसनच्या मध्ये. बघण्यासारखं काही नाही, पाटी आहे. पण तिथून सेंट्रल पार्कच्या दिशेने चालत निघालं की जॉनचं अंतर पायांना कळतं. फार नाही. घामही येत नाही तेवढ्यात दुनिया बदलते, दारापुढे गणवेशातले दरवान दिसायला लागतात. पुस्तकात गोरी माणसं नाहीत म्हणता ना, ती तेवढ्या अंतरावर आहेत. एक त्या दिवशी घरातही येते, जखमेच्या रूपाने: रॉय पश्चिमेकडे गोऱ्या पोरांशी मारामारी करायला जातो आणि कपाळावर चाकूचा वार घेऊन परततो.

आणि तारीख बघा. १९३५चा मार्च. त्याच महिन्याच्या १९ तारखेला हार्लेममध्ये मोठी दंगल उसळली. १२५व्या रस्त्यावरच्या एका दुकानात एका पोराला छोटा चाकू चोरताना पकडलं, तो मेल्याची अफवा पसरली आणि रात्रभर काचा फुटल्या. बॉल्डविन त्याचा एका शब्दानेही उल्लेख करत नाही. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, तिथेच राहत होता, त्याला माहीत नसणं शक्यच नाही. मला वाटतं त्याने मुद्दाम महिना तोच घेतला आणि दंगल घरात घडवली. बाप आईच्या थोबाडीत मारतो, रॉय बापाला शिवी देतो, बाप पट्टा काढतो, आत्या तो पट्टा वरच्यावर धरते. दंगलच की.

आणखी एक सांगते, बॉल्डविनचा सावत्र बाप, तोही प्रवचनकार, १९४३च्या जुलैअखेर गेला. अंत्यविधी २ ऑगस्टला, म्हणजे बॉल्डविनच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, आणि त्याच सुमारास हार्लेममध्ये पुन्हा दंगल. अशी जुळवाजुळव कादंबरीत केली असती तर आपण म्हणालो असतो, फारच बुवा योगायोग.

अवांतर: बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. तिथून बाहेर पडून पूर्वेकडे उतरलं की हार्लेमच. फ्लॉरेन्स १९०० साली आली असं पुस्तक म्हणतं. दोघं एकाच वेळी एकाच शहरात होते असं मी उगाच मनात धरून चालत होते.

---

खडूस_वाचक

भाषेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

हे पुस्तक लिहायला बॉल्डविनला दहा वर्षं लागली. १९४८च्या नोव्हेंबरमध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन तो पॅरिसला पळाला. तिथेही जमेना. शेवटी १९५१-५२च्या हिवाळ्यात एका मित्राच्या घरी, स्वित्झर्लंडमधल्या डोंगरातल्या लॉइकरबाड नावाच्या खेड्यात बसून संपवलं. त्या गावाने काळा माणूस कधी पाहिला नव्हता, पोरं मागे लागायची. बरोबर काय नेलं होतं? टाइपरायटर आणि ब्लूज गाणाऱ्या बेसी स्मिथच्या ध्वनिमुद्रिका. लहानपणी आपण कसं बोलायचो हे तो विसरत चालला होता, विसरायचा प्रयत्नही त्यानेच केला होता. बेसीच्या गाण्यातून त्याने ती बोली परत कानात भरून घेतली. बर्फात, जिथे आपल्यासारखं दिसणारं एकही माणूस नाही, तिथे बसून.

म्हणून या पुस्तकात दोन भाषा एकमेकींत विणल्यात. निवेदनाची भाषा जुन्या इंग्रजी बायबलच्या चालीवर चालते, 'आणि' 'आणि' करत, भरतीसारखी चढत; तर माणसं बोलतात ती रस्त्यावरची, तुटक, तिखट. मराठीत आणायचं झालं तर माझ्या मते अडचण बोलीची नाही, बायबलच्या चालीची आहे. बहुसंख्य मराठी वाचकाच्या कानात ती चालच नाही. अनुवादक गाथेची किंवा पोथीची चाल वापरील आणि सगळं पंढरपूरला पोचेल. पारगाव_फाटा यांच्यासारख्या कुणीतरी करायला हवं हे काम.

बाकी प्रार्थनेच्या प्रकरणांत वेळ इतक्या उड्या मारतो की पहिल्या वाचनात मी दोनदा मागे गेलो. हा दोष आहे, त्याला उगाच शैली म्हणू नका.

---

शेवंता

सगळे पुरुष जॉन आणि गॅब्रिएलवर बोलून थकलात की मी फ्लॉरेन्सबद्दल बोलते.

मुळामुठा, तुमचं 'कुणीही बोलत नाही' हे चूक आहे. फ्लॉरेन्स बोलते. तीस वर्षांहून जास्त काळ तिच्या पर्समध्ये डेबोराचं एक पत्र आहे, त्यात रॉयलबद्दल लिहिलेलं. पहाटे चर्चमधून परत येताना ती ते गॅब्रिएलच्या तोंडासमोर धरते. म्हणते, मी मरायला टेकलेय पण गप्प मरणार नाही. अख्ख्या पुस्तकात मला तेवढा एक क्षण मोकळा श्वास घ्यायला मिळाला.

आणि ती एवढी कडू का झाली ते बघा. घरात शिक्षणाची संधी एकच. ती मोठी, ती हुशार, पण मिळणार गॅब्रिएलला, कारण तो मुलगा. चांगलं खाणं, चांगला कपडा, आधी त्याला. आणि त्याला शिकायची इच्छाही नाही! सव्वीस वर्षांची होईपर्यंत ती हे सोसते. जिथे कामाला होती तिथल्या मालकाची वाईट नजर पडल्यावर, आई मरणाच्या अंथरुणावर असताना, ती घर सोडून न्यूयॉर्कची गाडी पकडते. हे वाचताना मला अमेरिका वगैरे काही दिसली नाही. माझी आत्या दिसली. चौथीतून काढली, कारण काकांच्या शाळेचं बघायचं होतं. काका पुढे नापास होत होत थांबले. आत्या अजून त्यांच्याबद्दल बोलताना 'आमचे दादासाहेब' म्हणते, आणि त्या 'साहेब'मध्ये जे काही असतं ते ऐकायला हवं.

फ्लॉरेन्स तोंड उजळ करायची क्रीम लावते तो भाग आठवतोय का? नवरा म्हणतो, काळा रंग किती सुंदर आहे, तू का पुसतेस. ती त्याच्यावरच चिडते. हा प्रसंग १९५३च्या पुस्तकात आहे. पुढे मी काही म्हणत नाही, आपापल्या घरच्या कपाटांत बघा.

---

मुळामुठा

@शेवंता, बरोबर पकडलंत. पत्राचं मी विसरलोच कसा. चूक मान्य.

पण परत जाऊन ते पान बघितलं, आणि बघा काय आहे. ती बोलते तेव्हा जॉन चर्चमधल्या एलिशा नावाच्या, वयाने थोड्या मोठ्या पोराबरोबर पुढे चालतोय. गॅब्रिएल आणि फ्लॉरेन्स मागे. मागे सगळा उलगडा चाललाय आणि ज्या पोराला तो हवा त्याच्या कानावर त्यातला एक शब्दही जात नाही. पहाटेचा रस्ता, तोच कचरा, गटाराच्या कडेने पळणारं एक रोडकं मांजर, लांबून रुग्णवाहिकेचा आवाज. तारण झालंय, आणि रस्ता कालचाच आहे. तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करतो: बोलतात, पण ज्याला सांगायला हवं त्याला नाही.

आणि घराच्या दारात एलिशा जॉनच्या कपाळाचं चुंबन घेतो. त्या दोघांतल्या ओढीबद्दल बॉल्डविन फार हलक्या हाताने लिहितो, आधी चर्च झाडताना दोघं कुस्ती खेळतात तेव्हापासून. जॉनला देव हवाय, की एलिशासारखं व्हायचंय, की एलिशाच हवाय, हे त्या पोराला वेगळं करता येत नाही. मग जॉन बापाकडे वळून हसतो. बाप हसत नाही. जिंकला की हरला हा माझा प्रश्नच मुळात चुकीचा होता असं आता वाटायला लागलंय. तो बापाच्या देवापुढे पडला खरा, पण उठला तेव्हा हात धरायला बाप नव्हता.

---

निमगावकर

हे आवडलं. याच वाटेवर पुढे जायचं असेल तर राल्फ एलिसनची 'जूनटीन्थ' बघा. लेखक गेल्यावर, १९९९ला छापलेली, अपुऱ्या हस्तलिखितांतून जुळवलेली. त्यात एक काळा प्रवचनकार आणि त्याने वाढवलेलं, गोरं दिसणारं पोर, जे मोठं होऊन काळ्यांविरुद्ध विष ओकणारा सिनेटर होतं. तिथे म्हातारा मरणाऱ्याच्या खाटेशी बसून आठवणी काढायला लावतो. म्हणजे इथे जे घडत नाही ते तिथे घडतं, फार उशिरा. पण पुस्तक विस्कळीत आहे, आधीच सांगतो.

---

तिरकस

'द फायर नेक्स्ट टाइम' वाचलं. छोटं आहे, दोन बैठकांत झालं. माझं मत बदललं असं नाही, पण मत मांडायची घाई झाली होती एवढं कबूल. आता कादंबरी परत वाचेन, तो खवचट आवाज कोणत्या पानापासून येतो ते बघायचंय.

---

कोरा_कागद

गालिचा ओलांडला. आता फ्लॉरेन्सच्या प्रार्थनेत आहे. दोनदा मागे जावं लागलं, खडूस_वाचक यांना अनुमोदन.

---

शेवंता

हे इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. परवा आत्याला फोन केला. शाळेचं विचारलं. आधी म्हणाली, 'कशाला आता उकरून काढतेस?' मग पाऊण तास बोलत होती. गुरुजींचं नाव, पाटी कुठली, शेवटच्या दिवशी कुठला धडा चालला होता, सगळं. काकांबद्दल एक वाईट शब्द नाही. मध्येच विचारलं, तुला अचानक हे कुठून आठवलं? मी म्हटलं एका पुस्तकात तुझ्यासारखी एक आत्या आहे. तर म्हणते, मराठीत आहे का?

म्हटलं, मी वाचून सांगते. रविवारी जातेय.